लिंबावरून गाडी काढताना

नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक न काढणारी माणसं मला कधीच समजली नाहीत. हौसेनं गाडी घ्यायची, सीट मऊ हवी म्हणून वरचं मॉडेल घ्यायचं, आणि मग चार उन्हाळे त्या प्लास्टिकवर घामानं चिकटून बसायचं. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांच्या गाडीचं प्लास्टिक फाटायला लागलं, तर त्यांनी ते काढलं नाही, त्याच्यावरून रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं. आता खरी सीट दोन थरांखाली सुखरूप आहे. ती पहिल्यांदा दिसेल ती बहुतेक पुढच्या मालकाला.

सनरूफ हा दुसरा प्रकार. जालन्याच्या मे महिन्यात डोक्यावरचं छप्पर उघडून काय बघायचं असतं, हे मला कोणी तरी एकदा समजावून सांगावं. त्या मोठ्या स्क्रीनबद्दलही माझं मत वाईट आहे. एसी कमी करायला रस्त्यावरची नजर काढून तीनदा बोट दाबावं लागत असेल तर ती सोय कसली? आधी एक गोल बटण असायचं, न बघता फिरवता यायचं. आणि मागच्या काचेवर गावाचं नाव, आडनाव, आईवडिलांची कृपा आणि एक वाघ एवढं सगळं चिकटवल्यावर मागचं दिसतं कशातून? पांढऱ्या रंगाबद्दल मी बोलत नाही, कारण बोलायला लागले तर थांबणार नाही.

अशी माझी पुष्कळ मतं आहेत. कोणी विचारत नाही म्हणून ती जास्तच साठली आहेत.

मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. जालन्यात राहते आणि बदनापूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. मला गाड्यांचं वेड आहे. हे वाक्य आमच्याकडे बाईनं उच्चारलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, ‘स्कूटी का?’ स्टाफरूममध्ये पुरुष मंडळी रोज गाड्यांवर बोलतात. पहिला प्रश्न, कितीला पडली. दुसरा, ॲव्हरेज किती देते. तिसरा प्रश्न मी आजवर ऐकलेला नाही. गाडी वळणावर कशी बसते, ब्रेक कुठून धरतो, दोन तास चालवल्यावर कंबर काय म्हणते, याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. एकदा मी न राहवून म्हटलं, की त्या अमुक गाडीचा क्लच फार वरून उचलतो, गर्दीत गुडघा दुखतो. एक जण म्हणाला, “मॅडम, भारी हां!” आणि गाडी परत ॲव्हरेजवर आली.

गॅरेजमध्येही तेच. बॉनेट उघडून मी सांगत असते की गरम झाल्यावरच हा आवाज येतो, थंड असताना येत नाही, आणि मिस्तरी माझ्या खांद्यावरून मागे बघत असतो. साहेब आले का, हे बघत असतो. साहेब जाऊन सहा वर्षं झाली हे त्याला चांगलं ठाऊक आहे, मातीलाही आला होता. पण बाई एकटी गॅरेजला येते ही गोष्ट त्याच्या डोळ्यांच्या अंगवळणी पडत नाही.

आमच्या ह्यांचं जुना जालन्यात कापडाचं दुकान होतं. भाऊबंदांत सगळ्यांच्या दारात गाड्या आल्या, मग ह्यांनीही आणली. चालवायला घरात कोणालाच येत नव्हतं. हे ऐकून पुण्याकडचे लोक हसतात, पण आमच्याकडे यात काही नवल नाही. आधी गाडी येते, चालवणारा नंतर बघतात. आमची गाडी महिनेच्या महिने कव्हराखाली उभी होती. हे रोज सकाळी कव्हर काढून ती पुसायचे, रविवारी सुरू करून जागच्या जागी घुरघुरवायचे आणि परत कव्हर घालायचे. एवढं चांगलं इंजिन नुसतं उभं राहून खराब होतंय हे मला सहन होईना. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तिथं सगळी मिसरूड फुटलेली पोरं आणि मध्ये मी, साडीवर बूट घालून.

गाडी हातात आल्यावर मात्र आमचे रविवार बदलले. कधी राजूरला, कधी अंबडला, कधी कुठंच नाही, नुसतं बायपासला एक चक्कर मारून परत. मी चालवायची आणि हे डावीकडे बसायचे. एक हात वरच्या दांडीला, आणि समोर ट्रक दिसला की त्यांचा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबायचा. गाड्यांतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण मी बोलत राहायची. ही पुढची गाडी बघा, हिचं मागचं चाक कसं उडतंय, अहो ह्यानं इंडिकेटर डावा दिला आणि वळला उजवीकडे. त्यावर ते म्हणायचे, “तू म्हणतेस तर असंल.” झालं, तेवढंच. एवढ्या चार शब्दांवर मी बदनापूर ते जालना बडबड करू शकत होते.

आम्हाला मूलबाळ नाही. डाव्या सीटवर आता पर्स आणि डबा असतो. अजूनही एखादा काळीपिवळी जीपवाला आडवा घुसला की तोंडातून निघतंच, “अहो बघा!” आणि मग पर्स दिसते. रेडिओ लावते. रेडिओवर बोलणारी माणसं फारच आनंदात असतात, म्हणून तो बंद करते. खरं सांगायचं तर मला माणसाच्या सोबतीचीसुद्धा तितकी भूक नाही. मला डाव्या सीटवर ऐकणारं कोणी तरी हवं असतं.

म्हणून धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मला केवढा आनंद झाला ते सांगता येणार नाही.

भाऊ शहागडजवळच्या आमच्या गावी शेती करतो. यंदा मोसंबीनं हात दिला होता. “आक्का,” तो म्हणाला, “गाडी घेऊन राह्यलो. सात सीटरची. तू चल ना माझ्या संगं. मला त्यातलं काय कळतंय?”

मी म्हटलं, “गावात एवढी पोरं आहेत गाड्यावाली.”

“त्यायला काय इचारायचं? ते समदे आपापलीच गाडी चांगली म्हनत्यात. तू बराबर सांगशील.”

आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी गाडीबाबत माझा शब्द मागत होतं, आणि तोही आपला भाऊ. मी कॉलेजात रजा टाकल्या. आम्ही तीन शोरूम पालथी घातली. तिथला टाय घातलेला मुलगा सगळं माझ्या भावाकडे बघून सांगायचा आणि भाऊ माझ्याकडे बघायचा. मी प्रश्न विचारला की उत्तर भावाला मिळायचं. एका ठिकाणी मी मागच्या मागच्या सीटवर जाऊन बसून बघितलं, कारण सात सीटच्या गाडीत शेवटच्या दोन सीट कोणासाठी असतात हे मला एक कोडंच आहे. माझे गुडघे हनुवटीला लागले. “इथं मोठी माणसं बसणार नाहीत,” मी म्हटलं. त्यावर तो मुलगा भावाला म्हणाला, “सर, बच्चे लोगों के लिए है.”

शेवटी मी ठरवली ती गाडी दिसायला साधी होती. पण खड्ड्यातून जाताना अंग टाकत नव्हती, ब्रेक मऊ होता आणि सीट उंच होती, गावाकडच्या म्हाताऱ्या काकूला चढता-उतरता येईल अशी. भावानं बिलकुल वाद घातला नाही. रंग तेवढा पांढरा घेतला आणि पोरांच्या हट्टापायी सनरूफ घेतलं. मी कपाळाला हात लावला आणि गप्प बसले, कारण इंजिन माझं होतं.

गाडी ताब्यात मिळायच्या दिवशी शोरूमवाल्यांनी तिच्यावर लाल कापड टाकलं होतं आणि फोटोसाठी पुठ्ठ्याची हातभर किल्ली ठेवली होती. भावानं ती किल्ली एका बाजूनं धरली आणि म्हणाला, “आक्का, तू धर दुसरीकडून.” त्या फोटोत मी डोळे मिटलेत, पण हसतेय. मग त्यानं खरी किल्ली माझ्या हातात दिली. त्यानं अंबडच्या क्लासला जाऊन लायसन काढलं होतं, पण हात सगळा ट्रॅक्टरवर बसलेला. जालन्याच्या गर्दीतून नवी गाडी काढायची त्याची छाती नव्हती.

तर जालन्याहून शहागडकडे ती गाडी मी चालवत नेली. मोंढ्याजवळ रिक्षांच्या गराड्यातून काढली, सळया वाहणाऱ्या ट्रकच्या मागून धीर धरून नेली. त्या सळयांना मागे बांधलेलं लाल फडकं समोर हलत असताना जो माणूस ट्रकच्या पाठीला चिकटून गाडी चालवतो, त्याचं लायसन जागेवर फाडावं असं माझं मत आहे, आणि ते मी भावाला सांगितलं. अंबड रस्त्याला लागल्यावर कापसाचे ट्रॅक्टर लागले. ओव्हरटेक करायच्या आधी गिअर खाली का आणायचा, हेही मी सांगितलं. भाऊ डावीकडे बसून ऐकत होता. खरंच ऐकत होता, मध्येच विचारतही होता. “मंग चवथ्यावरून डायरेक्ट तिसऱ्यावर का?” मला एवढं बोलायला सहा वर्षांत मिळालं नव्हतं. घसा दुखायला लागला होता तरी मी थांबत नव्हते.

अंबडला आम्ही चहाला उतरलो. भाऊ बशीत चहा ओतत म्हणाला, “आक्का, लिंबावरून गाडी तूच काढ बरं का. समद्या गावासमोर माझ्याच्यानं बंद पडली तर इज्जत जायची.”

नव्या गाडीची पूजा सगळीकडे असते तशी आमच्याकडेही असते. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, हार, नारळ, सुवासिनींनी ओवाळणं, आणि चारी चाकांखाली एकेक लिंबू. मग गाडी पुढे घ्यायची आणि लिंबं फुटली पाहिजेत. मी विधवा आहे. सहा वर्षांत मी कुठल्याच पूजेच्या पुढच्या रांगेत उभी राहिलेले नाही. ओवाळायला मला कोणी बोलावणार नाही हे मला माहीत होतं आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं, आरतीचं ताट मला आधीही कधी सरळ धरता आलं नाही. पण लिंबावरून गाडी काढणं हे काम ड्रायव्हरचं आहे. तिथं मी बसणार, ही गाडी मी निवडली आणि मी आणली हे सगळ्या गावाला दिसणार, एवढंच मला हवं होतं. मी भावाला म्हटलं, “नक्की?”

“अगं, मी सांगून राह्यलो ना,” तो म्हणाला.

गावात शिरले तेव्हा पोरं गाडीच्या बाजूनं पळायला लागली. मी खिडकी खाली केली. पारावरच्या म्हाताऱ्यांनी मान वळवून बघितलं. अंगणात गाडी बरोबर मधोमध उभी केली, चाकं सरळ केली, सवयीनं हँडब्रेक ओढला आणि उतरले. भावजय ताट घेऊन तयार होती. चुलतभाऊ, त्यांच्या बायका, शेजारपाजार, सगळा गोतावळा जमला होता. आणि मध्ये आमची काकू. आई गेल्यापासून घरातलं मोठं माणूस तीच.

काकूनं माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. ती माझ्यावर खरोखर माया करते. मग म्हणाली, “बाई, लांबून आलीस, दमली असशील. बस जरा सावलीला.”

आमच्याकडे हे असंच असतं. कोणी तोंडानं काही म्हणत नाही. कोणी तुला हात धरून मागे ओढत नाही. तुझ्या दमण्याची काळजी करतात आणि तुला सावलीला बसवतात. मी लग्नात सावलीला बसलेय, बारशात बसलेय, वास्तुशांतीत बसलेय. मुकाट्यानं जाऊन कडब्याच्या गंजीशेजारी खाटेवर बसले आणि म्हटलं, ओवाळून होऊ दे, मग आपलं काम आहेच.

ओवाळून झालं. नारळ फुटला. चाकांखाली लिंबं ठेवली. मी उठून पदर खोचला. भावानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. तेवढ्यात काकू म्हणाली, “चल रे, बस. पहिला हात मालकाचा.”

पन्नासेक किलोमीटर गाडी माझ्या हातानं आली होती. तो पहिला हात कुणाच्या हिशेबात नव्हता. भाऊ एकदा म्हणाला, “काकू, आक्का काढंल की. तिला बराबर जमतंय.” हे तो म्हणाला, मी ते ऐकलं, त्याचं श्रेय मला त्याच्याकडून काढून घ्यायचं नाही. पण काकू नुसती त्याच्याकडे बघत राहिली. बाकीचे लिंबांकडे बघायला लागले. आणि भाऊ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला.

मी खाली बसले नाही. उभीच राहिले.

त्यानं गाडी सुरू केली, ट्रॅक्टरचा सोडावा तसा क्लच सोडला, आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. पुन्हा तेच. समोर लाल दिवा लागलेला असणार, गाडी पीं पीं करून सांगत होती, पण तो लोकांकडे बघत होता. हँडब्रेक ओढलेलाच होता. मला खाटेजवळून ते समजत होतं, आणि मी बोलले नाही. मनात म्हटलं, पडू दे बंद. आणखी एकदा पडली की बोलवेल मला. मला ते हवं होतं, का खोटं बोला. तिसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा बायकांत कुजबुज झाली. लिंबं न फुटता गाडी तीनदा बंद पडणं काही बरं लक्षण नव्हतं. काकूचा चेहरा उतरला. भावानं काचेतून माझ्याकडे बघितलं. मी एक पाऊल पुढे टाकलंसुद्धा.

“बंद ऱ्हाऊ द्या तिला,” काकू म्हणाली. “ढकला.”

आणि त्यांनी ढकलली. शोरूममधून त्याच दिवशी निघालेली, टाकी भरलेली, दोष नसलेली गाडी माझ्या चुलतभावांनी पाठीला खांदे लावून ढकलायला घेतली. मालक स्टिअरिंग धरून आत. एक जण ‘होऽऽ’ म्हणाला की बाकीचे जोर लावायचे. गाडी जागची हलेना. एक म्हणाला, “लई वजनदार मॉडेल हाये.” मागच्या चाकांतून कर्र असा आवाज यायला लागला. नव्याकोऱ्या ब्रेकचा तो आवाज मला ऐकवेना. मी सगळं विसरले आणि अंगणभर ओरडले, “अरे हँडब्रेक सोड! न्यूट्रल कर आधी!”

सगळे थांबले. भावानं खाली बघितलं, दांडी सोडली, गिअर काढला. परत ‘होऽऽ’ झालं, गाडी लोण्यासारखी पुढे सरकली, लिंबं फुटली. टाळ्या वाजल्या. पोरं नाचायला लागली. भावजयीनं एकदा माझ्याकडे बघून मान खाली घातली. बाकी कोणी वळून बघितलं नाही, आणि मी ओरडले ते बरं झालं असंही कोणी म्हणालं नाही. काकू मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मालकाच्या हातानंच फुटली बघा.”

मग गाडी देवाला दाखवायला नदीकाठच्या देवळात न्यायचं ठरलं. सात जणांच्या गाडीत दहा जण बसले. शेवटच्या सीटवर, जिथं माझे गुडघे हनुवटीला लागले होते, तिथं दोन चुलतभावजया आणि एक लेकरू. सनरूफमधून दोन पोरं बाहेर. भाऊ काच खाली करून म्हणाला, “आक्का, तू बस. जल्दी येतो, मंग तुला जालन्याला सोडतो.” तो माझ्याकडे बघून म्हणाला, पण डोळ्यांत बघून नाही.

पहिल्या गिअरमध्येच गाडी अंगणाबाहेर गेली. इंजिन किंचाळत होतं. दुसरा टाक, दुसरा टाक, असं मी मनात म्हणत होते. कोपऱ्यापर्यंत त्यानं काही टाकला नाही.

बाकीचे आपापल्या घरी पांगले. अंगणात आता मी, फुटलेली लिंबं आणि गाडीतून काढून ठेवलेलं शोरूमचं लाल कापड. मी ते कापड घडी करून खाटेवर ठेवलं. घरात कोणी नव्हतं, म्हणून दाराला बाहेरून कडी लावली. राग आला होता का? आला होता. पण रागापेक्षाही मला फार एकटं वाटत होतं. नवरा गेल्यावर रडणारी माणसं भोवती असतात. इथं माझ्या अवतीभवती सगळं आनंदाचं होतं आणि त्या आनंदात माझं इंजिन होतं, मी नव्हते. पर्स उचलली आणि शहागडच्या फाट्यापर्यंत पायी गेले.

फाट्यावर अंबडची काळीपिवळी उभी होती. ही जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली असं तिचा ड्रायव्हर कधी मान्य करत नाही. मला पुढची जागा मिळाली, गिअरच्या दांडीपासून गुडघे वाचवून बसायची. ड्रायव्हर टपरीवर तंबाखू मळत गिऱ्हाइकांना हाका मारत होता. शेजारून हायवेचे ट्रक जात होते. मी त्या जीपचा पत्रा, झिजलेलं स्टिअरिंग, आरशाला बांधलेली काळी बाहुली बघत बसले. एरवी मला त्यावर बोलायला दहा गोष्टी सुचल्या असत्या.

फोन वाजला. भाऊ होता.

“हॅलो,” तो दबक्या आवाजात म्हणाला. आक्का म्हणाला नाही. “गाडी चढाला बंद पडून राह्यली. देवळाकून वर येताना. मागं सरकून राह्यली. काय करू?”

मागून बायकांचा आरडाओरडा ऐकू येत होता. लेकरू रडत होतं. त्या चढाच्या खाली नदी आहे हे मला माहीत होतं. आवाज मी वर्गात असतो तसा ठेवला.

“आधी पायातला ब्रेक घट्ट दाब. दाबलास? आता हँडब्रेक वर ओढ. पूर्ण. हां. आता गाडी कुठं जात नाही, घाबरू नको. क्लच तळाशी. गाडी सुरू कर. पहिला गिअर. आता ब्रेकवरचा पाय ॲक्सिलेटरवर आण, थोडा आवाज होऊ दे, होऊ दे, त्यानं काही होत नाही. क्लच हळू सोड. हळू. गाडीचं नाक थोडं वर आल्यासारखं वाटेल, तिथं पाय धरून ठेव. आलं का?”

“आलं,” तो म्हणाला.

“आता हँडब्रेक सोड.”

इंजिनाचा आवाज खोल झाला आणि मग मोकळा झाला. गाडी वर निघाली होती. मागे सगळे एकदम ओरडले, हसले, कोणी तरी देवाचं नाव घेतलं. भावानं फोन कुठं तरी मांडीवर टाकला असावा. तो बंद करायचा राहिला. मला सगळं ऐकू येत होतं. त्यानं दुसरा गिअर टाकला, आणि या वेळी वेळेवर टाकला.

“कोन होतं रे?” काकूचा आवाज.

भावानं एकदा हॉर्न वाजवला. मग म्हणाला, “मिस्तरी हाये एक वळखीचा. जालन्याचा.”

“जीव वाचिवला बाबा त्यानं,” काकू म्हणाली. आणि मग मायेनं रागावल्यासारखी म्हणाली, “एवढा जानता मानूस वळखीचा हाये, तर त्याला पूजेला बोलवायचं न्हाई का?”

भाऊ काय उत्तर देतो ते मला ऐकायचं नव्हतं. मी फोन बंद केला.